एरंडेलाचा फोम : आग कोणाची, नफा कोणाचा?

पाल्हाळिक आणि निष्फळ चर्चेला मराठीत 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतात. ऊस गाळला तर शेवटी गूळ तरी हाती लागतो, एरंड गाळून काय मिळणार, असा त्या शब्दप्रयोगातील उपहास आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी ज्या झाडाला परसाच्या कुंपणावर जागा दिली आणि ज्याच्या तेलाची आठवण पोट साफ करण्यापुरतीच ठेवली, त्या एरंडाच्या तेलावर आज जगातील रसायनउद्योगाचा एक मोठा विभाग उभा आहे. या तेलापासून आता गाद्यांचा आणि बैठकांचा फोम तयार होऊ शकतो, आणि त्याच्या घडणीतच आगीला प्रतिकार करण्याचा गुण आणता येतो, असे शास्त्रज्ञ प्रयोगांनी दाखवीत आहेत. ही घटना स्वागतार्ह आहे. मात्र आजवरच्या अनुभवाने शहाण्या झालेल्या माणसाने अशा प्रत्येक स्वागताच्या वेळी एक प्रश्न विचारावयाचा असतो : या शोधाचा लाभ कोणाला मिळणार, आणि त्याचा धोका कोणाच्या वाट्याला जाणार?

विषय रसायनशास्त्राचा आहे, त्याच्याशी चळवळीतील कार्यकर्त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यांनी एखाद्या औद्योगिक वसाहतीतील गादी-सोफ्याच्या गाळ्यात रात्री दहानंतर डोकावून पाहावे. दिवसभर ज्या फोमचे तुकडे कापले, त्याच तुकड्यांच्या ढिगावर कामगार झोपलेले असतात. वर पोटमाळा, खाली शिलाई यंत्रे, डिंकाचे डबे, जिना एकच आणि त्याच्या तोंडाशी रचलेले गठ्ठे. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका कारखान्याच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि तेथेच झोपलेले ४३ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक गुदमरून गेले. अशा आगीत प्रथम मारतो तो धूर, आणि धूर कशाचा आहे यावर किती माणसे जिवंत बाहेर येणार हे ठरते. म्हणून फोमचे रसायन हा कामगारांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

या पदार्थाची ओळख प्रथम करून घेऊ. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेन येथे लावला. त्याचे मुख्य घटक दोन. एक पॉलिऑल, म्हणजे ज्याच्या रेणूला अनेक हायड्रॉक्सिल गट आहेत असे तेलासारखे दाट द्रव्य, दुसरा आयसोसायनेट. दोन्ही एकत्र आले की जाळीदार बहुवारिक तयार होते. त्यात थोडे पाणी असेल तर आयसोसायनेटशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि भाकरी फुगावी तसे ते द्रव्य फुगून फोम बनतो. प्रचलित पॉलिऑल खनिज तेलापासून येते. ते वनस्पती तेलापासून मिळविणे हाच या नव्या संशोधनाचा गाभा आहे.

येथे एरंडेलाला निसर्गाने एक देणगी दिली आहे. सोयाबीन किंवा पाम तेलात हायड्रॉक्सिल गट नसतात. ते बसविण्यासाठी तेलावर निराळ्या रासायनिक प्रक्रिया कराव्या लागतात. एरंडेलात मात्र सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असते आणि त्याच्या साखळीवर हा गट मुळातच असतो. म्हणजे एरंडेल हे जन्मतःच पॉलिऑल होय. त्याचा गट काहीसा मंद गतीने क्रिया करतो, त्यामुळे नुसते एरंडेल ओतले आणि गादी तयार झाली असे होत नाही. त्यात बदल करावे लागतात, दुसऱ्या पॉलिऑलची जोड द्यावी लागते. तरीही पाया तयार मिळतो, हे महत्त्वाचे आहे. शिवाय एरंडेल खाद्य तेल नाही. जो देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्य तेल आयात करतो, त्याने सोयाबीनचे किंवा पामचे तेल सोफ्यात भरावे, हे कोणत्याही विवेकी माणसाला पटणार नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने २००८ च्या मस्टँग मोटारीच्या आसनांत सोयाबीनच्या तेलाचा अंश असलेला फोम वापरला. त्यांच्याकडे सोयाबीनचे आधिक्य आहे, म्हणून ते त्यांना शोभले. आपली वाट एरंडाची आहे.

आता आगीकडे वळू. साधा पॉलियुरेथेन फोम इतका ज्वालाग्राही का असतो, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. त्याच्या असंख्य छिद्रांत हवा भरलेली असते आणि जळण्यास प्रचंड पृष्ठभाग मिळतो. तापला की तो वितळतो आणि जळते थेंब खाली पडून दुसरीकडे आग लावतात. एखादा पदार्थ जळत राहण्यास हवेत किमान किती प्राणवायू लागतो, याचे एक माप आहे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि साध्या फोमला त्याहूनही कमी पुरतो. म्हणजे एकदा पेटला की विझण्याचे त्याला कारणच उरत नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. ८ मे १९७९ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ दुकानात फर्निचर विभागाला आग लागून १० माणसे मेली. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नृत्यगृहाच्या भिंतींवरील फोम आतषबाजीने पेटून १०० जणांचा बळी गेला. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारिया येथे छताला लावलेल्या ध्वनिरोधक फोमने २४२ जणांचा घास घेतला. त्यांत विद्यार्थ्यांचा मोठा भरणा होता. देश निराळे आणि वर्षे निराळी, पण पदार्थ एकच होता.

वनस्पती तेलापासून केलेला फोम या दोषातून आपोआप मुक्त असतो, असा समज कोणी करून घेऊ नये. तेलाची लांब कार्बनी साखळी हे उत्तम इंधन आहे. आपल्या आज्यांनी एरंडेलाचे दिवे लावले ते उगाच नव्हे. 'नैसर्गिक' या शब्दाने आग घाबरत नाही. फोमला आगीचा प्रतिकार करावयास लावायचे तर त्यात दुसरे काही घालावे लागते, आणि काय घालावे या प्रश्नाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा नफेखोरीच्या इतिहासातील एक शिकवणूक देणारा अध्याय आहे.

१९७५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने नियम केला की फर्निचरमधील फोमने लहान ज्योत १२ सेकंद सहन केली पाहिजे. हेतू चांगला होता. परंतु हा नियम पाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून कारखानदारांनी फोममध्ये ब्रोमीन आणि क्लोरीनयुक्त रसायने नुसती मिसळली. ती फोमशी जोडलेली नव्हती, म्हणून हळूहळू बाहेर पडून घरातील धुळीत गेली, धुळीतून माणसांच्या रक्तात आणि मातेच्या दुधात गेली. त्याआधीच लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत 'ट्रिस' नावाचे असेच एक द्रव्य वापरले जात होते. ते जनुकांत बदल घडविते हे आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखविले आणि त्याच वर्षी त्यावर बंदी आली. तेव्हा त्याचाच क्लोरीनयुक्त भाऊ पुढे आला. कपड्यांतून काढावा लागला तेव्हा सोफ्यांच्या फोममध्ये शिरला. पेंटाब्रोमो वर्गातील रसायनांना तर २००९ साली स्टॉकहोम कराराच्या निषिद्ध यादीत टाकावे लागले. २०१२ साली 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने उघड केले की फर्निचरमध्ये ही रसायने घालण्याचा आग्रह धरणाऱ्यांत तंबाखू कंपन्याही होत्या. सिगारेटमुळे घरे पेटतात हे सिद्ध झाले असताना सिगारेट सुधारण्याऐवजी सोफाच विषारी करावा, असा हा न्याय! अखेर २०१३ साली कॅलिफोर्नियाने आपली कसोटी बदलली. ज्योतीऐवजी धुमसणाऱ्या सिगारेटला आवरणासकट आसन कसे तोंड देते, हे तपासावयाचे ठरले. ही कसोटी विषारी रसायने न घालताही उत्तीर्ण होता येते.

या इतिहासातून एक धडा घेतला पाहिजे. आगीविरुद्धचा कायदा हवाच, परंतु तो कारखानदाराच्या सोयीने लिहिला गेला तर आगीच्या नावाने विष विकण्याचा परवाना ठरतो. काही ज्वालारोधकांमुळे ज्योत उशिरा पकडते हे खरे, पण प्रत्यक्ष पेट घेतल्यावर अर्धवट ज्वलनाने धूर आणि विषारी वायू अधिकच वाढतात. दाराशी जिना अडलेल्या गाळ्यात झोपलेल्या माणसाला असल्या प्रमाणपत्राचा काय उपयोग?

नव्या संशोधनाचे मोल येथे लक्षात येते. ब्रोमीन-क्लोरीन वगळून फॉस्फरसची संयुगे वापरण्याकडे शास्त्रज्ञांचा कल आहे. फॉस्फरस तापला की फोमच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर धरण्यास मदत करतो. हा थर आतील पदार्थाला उष्णतेपासून आणि प्राणवायूपासून झाकतो. विशिष्ट तऱ्हेने प्रक्रिया केलेले ग्रॅफाइट घातले तर ते उष्णतेने अनेकपट फुगून असाच पडदा उभा करते. यांतील जी भुकटी नुसती मिसळावी लागते, ती फार घातली तर फोम ठिसूळ होतो. म्हणून अधिक चांगला मार्ग हा की फॉस्फरस पॉलिऑलच्या रेणूतच रासायनिक बंधाने जोडून टाकावयाचा. एरंडेलाच्या रेणूवर अशी जोडणी करता येते. मग तो भाग फोमच्या सांगाड्याचाच अवयव होतो आणि सुटा होऊन धुळीत मिसळण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. हा फोम पेटतच नाही असे नव्हे. तो उशिरा पेटतो, सावकाश जळतो आणि माणसाला पळण्यासाठी काही मिनिटे मिळवून देतो. गर्दीच्या इमारतीत तेवढ्या मिनिटांत अनेक जीव वाचतात.

परंतु येथेच थांबलो तर आपण जाहिरातदाराचे काम करू. फोमचा दुसरा घटक, आयसोसायनेट, तेलातून येत नाही. मऊ फोमच्या वजनात त्याचा वाटा साधारण एक-तृतीयांश आणि कडक फोममध्ये निम्म्याहून अधिक असतो. प्रचलित पद्धतीत तो फॉस्जीन या वायूपासून बनतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना मारण्यासाठी वापरलेला वायू तो हाच. भोपाळच्या कारखान्यातील मिथाइल आयसोसायनेटही फॉस्जीनपासूनच तयार होत असे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री त्याने काय केले हे या देशाला सांगावयास नको. फोमसाठी लागणारी आयसोसायनेटे तितकी चटकन वायुरूप होणारी नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरी त्यांच्या वाफेने कामगारांना दमा जडतो हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि एकदा जडला की पुढे अत्यल्प संपर्कानेही तो उसळतो. तेव्हा ज्या गादीवर हिरव्या पानाचे चित्र असेल, तिच्यात एरंडाचे पान किती आणि फॉस्जीनचे अपत्य किती, हे विचारण्याचा ग्राहकाला आणि कामगाराला अधिकार आहे.

या बाबतीत कायद्याची दिशा उलटी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात फॉस्जीनची आणि आयसोसायनेटची विषबाधा हे नोंद करावयाचे व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट झाले होते. पण कायद्याच्या भाषेत 'कारखाना' कशाला म्हणावयाचे? वीज वापरणाऱ्या ठिकाणी पूर्वी १० कामगार असले की तो कारखाना ठरे. २०२० च्या व्यवसायसुरक्षा संहितेने ही संख्या २० वर नेली. फोमचे साचे ओतणारे कितीतरी लहान गाळे या व्याख्येने सहज निसटतात. फुप्फुसाला मात्र शेजारी किती जण काम करतात हे कळत नाही. आगीच्या नियमांचीही तीच गत. २०२३ साली केंद्र सरकारने आसनांच्या प्रज्वलनरोधासंबंधी गुणवत्ता-आदेश काढला, तो घरगुती वापराखेरीजच्या फर्निचरपुरता. चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्हपासून हातभर अंतरावर अंथरलेली गादी त्याच्या नजरेबाहेर राहिली.

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याकडे पाहू. जगातील एरंडीच्या उत्पादनात भारताचा वाटा निर्विवाद पहिला आहे आणि त्यातील बहुतांश एकट्या गुजरातमध्ये पिकते. बनासकांठा, पाटण, मेहसाणा, कच्छ हा त्याचा मुलूख. थोड्या पाण्यावर तग धरणारे हे कोरडवाहूचे पीक आहे. ज्या मालावर चीन, युरोप आणि अमेरिका यांचे रसायनउद्योग अवलंबून आहेत, तो पिकविणाऱ्याच्या हाती बाजाराची सूत्रे असावीत असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र सरकार ज्या पिकांचा किमान आधारभूत भाव जाहीर करते, त्यांच्या यादीत एरंडी नाही. तिचा भाव वायदेबाजाराच्या लाटांवर हेलकावतो. २०१६ च्या जानेवारीत तर भाव असा कोसळला की एरंडीचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. पुष्कळसे तेल परदेशी जाते, तेथे त्याचे मौल्यवान बहुवारिक बनते आणि मूल्यवृद्धीचा मलिदा तिकडेच राहतो. कापूस येथून न्यावा आणि कापड येथे विकावे, ही मँचेस्टरची जुनी रीत आपण विसरलो नसू, तर या व्यवहाराचे नाव ओळखण्यास अडचण पडू नये. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत रिसिन हे जहर असते आणि एरंडीच्या धुळीने घाण्यावरील मजुरांना श्वासाचा त्रास होतो. त्याचा हिशेब तर कोणत्याच ताळेबंदात नसतो.

काही मित्र म्हणतात, हा सगळा खटाटोप हवा कशाला? पिंजाऱ्याने पिंजलेल्या कापसाची गादी काय वाईट होती? या म्हणण्यात तथ्य आहे. कापूस विडीने धुमसतो, पण फोमसारखा क्षणात भडकत नाही. शिवाय त्यावर एका कष्टकरी समाजाची उपजीविका चालत असे. जेथे कापूस किंवा काथ्या पुरतो तेथे तो वापरावाच. परंतु शीतगृहांच्या भिंती, रुग्णवाहिका, आगगाडीची आसने, रुग्णालयांतील बिछाने येथून फोम हद्दपार होईल अशी चिन्हे नाहीत, आणि स्वस्त फोमने गरिबाच्याच घरात सर्वांत जास्त प्रवेश केला आहे. तेव्हा त्याला टाळण्याच्या गप्पांपेक्षा त्याला माणसाळविणे हे अधिक निकडीचे काम आहे. दुसरे मित्र खर्चाची सबब सांगतात. सुरक्षित फोम महाग पडेल हे खरे. पण आजचा स्वस्त फोम स्वस्त कशामुळे आहे? कामगाराचा दमा, शेतकऱ्याचा तोटा आणि जळून मेलेल्यांचे प्राण यांची किंमत त्याच्या पावतीवर लिहिलेली नसते, म्हणून.

मग मागण्या कोणत्या कराव्यात? पहिली, सार्वजनिक खरेदीची. शासकीय रुग्णालये, आश्रमशाळा, वसतिगृहे, एस.टी. आणि रेल्वे यांच्यासाठी घ्यावयाचा फोम ब्रोमीन-क्लोरीनरहित आणि ज्वालारोधक घटक रेणूत जोडलेलाच असावा. सरकारसारख्या मोठ्या गिऱ्हाईकाने ही अट घातली की कारखानदार वाट शोधतील. दुसरी, कसोटीची. फोमचा सुटा तुकडा न तपासता आवरणासकट पूर्ण गादी तपासावी, धुराची विषारीता मोजावी आणि हा नियम घरगुती गादीलाही टप्प्याटप्प्याने लागू करावा. तिसरी, नामपट्टीची. वनस्पती तेलाचा अंश किती टक्के आणि ज्वालारोधक कोणते, हे मराठीत आणि प्रत्येक प्रांताच्या भाषेत छापणे सक्तीचे असावे. चौथी, कामगाराची. आयसोसायनेट हाताळणाऱ्या प्रत्येक जागेला, तेथे दोनच माणसे असली तरी, सुरक्षा कायदा लागू व्हावा. कामाच्या जागी झोपावे लागू नये म्हणून निवाऱ्याची सोय व्हावी. पाचवी, शेतकऱ्याची. एरंडीला आधारभूत भाव आणि तेलापासून पॉलिऑल बनविणाऱ्या सहकारी कारखान्यांना भांडवल मिळावे. दुधाच्या बाबतीत जे गुजरातने करून दाखविले, ते एरंडीच्या बाबतीत अशक्य का मानावे? सहावी मागणी संशोधनाची. तेलाच्या रेणूत कार्बन डायऑक्साइड बसवून, आयसोसायनेटशिवायच युरेथेन बनविण्याचे प्रयोग जगात चालले आहेत. ते अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या, १९३३ पासून तेल आणि रसायन यांची परंपरा असलेल्या सार्वजनिक संस्थांना या कामासाठी मुबलक निधी मिळावा, आणि जनतेच्या पैशाने लागलेला शोध एखाद्या कंपनीच्या एकस्वात बंदिस्त होऊ नये.

कार्यकर्त्यांना आजच करता येईल असेही काही आहे. आपापल्या भागातील गादी-फर्निचरच्या गाळ्यांची पाहणी करा. किती जण तेथे झोपतात, जिने किती आहेत, फोमचे गठ्ठे कोठे रचले आहेत आणि कोणाला खोकला आहे, याची साधी नोंद वहीत करा. अग्निशमन दलाकडे आणि पालिकेकडे ती लेखी द्या, पोच घ्या. दुर्घटनेनंतरच्या मोर्च्यापेक्षा दुर्घटनेपूर्वीची अशी एक यादी पुष्कळ माणसे वाचवू शकते.

विज्ञानाने आपल्या हाती एक चांगले साधन दिले आहे. परंतु रेणूत फॉस्फरस जोडणे हे शास्त्रज्ञाचे काम असले, तरी तो फोम पंचतारांकित हॉटेलात जाणार की पोटमाळ्यावर झोपणाऱ्या मजुराच्या अंगाखाली जाणार, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते संघटित लोकमताने ठरवावयाचे आहे. तेवढे झाले तर एरंडाच्या गुऱ्हाळातूनही गूळ निघाला, असे म्हणता येईल.